ब्राउझर कीबोर्डवर आणताना: आधी मोड, मग आज्ञा, बदल सर्वांत शेवटी

व्हिम या टेक्स्ट एडिटरसारख्या आज्ञांनी ब्राउझर चालवायचा म्हणून एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकले, आज्ञांची यादी पाठ केली, आणि तरीही पान सरकण्याऐवजी शोधपेटीत जे-जे-जे उमटत राहिले. किंवा अर्धा भरलेला फॉर्म एका अक्षरासरशी बंद झाला. अशा तक्रारी सतत येतात. त्यांत पाठांतर कमी पडलेले नसते, क्रम चुकलेला असतो. दाबलेली कळ या क्षणी कोणाकडे जाणार, एक्स्टेंशनकडे, पानाकडे की ब्राउझरकडे, हे अंगवळणी पडण्याआधीच लोक डझनावारी आज्ञा शिकायला घेतात आणि वर स्वतःचे बदलही करून ठेवतात.

खालचे टप्पे व्हिमियम हे एक्स्टेंशन धरून लिहिले आहेत. क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्हींवर ते चालते आणि नवशिक्याला पुरून उरते. कळांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. नुसते "एफ" म्हणजे लहान अक्षर, "शिफ्ट-एफ" म्हणजे शिफ्ट धरून. "जी जी" म्हणजे तीच कळ लागोपाठ दोनदा.

## तयारी: एक्स्टेंशन टाकण्याआधी आणि टाकल्यावर लगेच

१. एकच साधन निवडा. फायरफॉक्सवर ट्रायडॅक्टिल आहे, ते जास्त ताकदीचे आणि शिकायला जड. क्यूटब्राउझर हा तर अख्खा वेगळा ब्राउझर आहे. त्यात क्रोमची किंवा फायरफॉक्सची एक्स्टेंशन्स मिळणार नाहीत. दोन साधने एकाच ब्राउझरमध्ये कधीही ठेवू नका. एकाच कळेवर दोघेही हक्क सांगतात आणि चूक कोणाची ते शोधता येत नाही.

सावधान: एका साधनाची यादी दुसऱ्याला लागू पडत नाही. व्हिमियममध्ये डी दाबले की पान अर्धा पडदा खाली सरकते. ट्रायडॅक्टिल आणि क्यूटब्राउझरमध्ये त्याच डीने टॅब बंद होतो. यू ही कळ व्हिमियममध्ये पान वर नेते, त्या दोघांत बंद केलेला टॅब परत आणते. कुठेतरी सापडलेला तक्ता वापरण्याआधी तो कोणत्या साधनाचा आहे ते पाहा.

२. ब्राउझरच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्या. हे एक्स्टेंशन सर्व साइट्सवरची माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी मागते. प्रत्येक पानावरच्या लिंक शोधून त्यांवर खुणा काढायच्या तर तिला पर्याय नाही. म्हणूनच नावाशी मिळतेजुळते दुसरे काही टाकले जात नाही ना, हे नीट पाहून घ्या.

३. आधीचे सगळे टॅब एकदा रिलोड करा. एक्स्टेंशन टाकण्याआधी उघडलेल्या पानांवर आज्ञा चालतीलच असे नाही. "चालतच नाही" म्हणणाऱ्यांपैकी काहींचा प्रश्न इथेच सुटतो.

४. कीबोर्डची भाषा पाहा. मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि इंग्रजी सूचनापत्रांत तो कोपऱ्यात पडलेला असतो. इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) चालू असेल तर जेच्या कळेतून र निघतो, एफमधून ऱ्हस्व इकाराची वेलांटी, आणि शोधाची / ही कळसुद्धा य देते. एक्स्टेंशन जेची वाट पाहत असते, त्याला र मिळतो, आणि काहीच घडत नाही.

यावर व्हिमियमच्या सेटिंग्जमध्ये "इग्नोअर कीबोर्ड लेआउट" हा पर्याय आहे. तो चालू केला की कळेतून कोणते अक्षर निघाले हे न बघता, कीबोर्डवर तिची जागा कोणती एवढेच बघितले जाते. मराठी आणि इंग्रजीत दिवसभर ये-जा करणाऱ्याने तो पहिल्याच दिवशी चालू करावा. फोनेटिक पद्धतीने, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या साधनाने लिहीत असाल, तर आज्ञा देण्याआधी इंग्रजीवर येण्याची सवयच जास्त भरवशाची.

५. कॅप्स लॉक बंद. तो चालू राहिला तर जे दाबल्यावर शिफ्ट-जेची आज्ञा जाते, आणि पान सरकण्याऐवजी शेजारचा टॅब समोर येतो. टॅब आपोआप बदलताहेत असे वाटले की आधी कॅप्स लॉकचा दिवा पाहा.

तपासा: मजकुराचे एखादे लांबलचक पान उघडा आणि ? दाबा. मदतीचा तक्ता आला तर पाया तयार आहे. नाही आला तर पुढे जाऊ नका. वरचे पाचही मुद्दे पुन्हा बघा.

## टप्पा १: कळ कोणाकडे जाते ते ओळखा

पहिले दोन-तीन दिवस फक्त याच टप्प्यावर घालवा.

नॉर्मल मोडमध्ये प्रत्येक अक्षर ही आज्ञा असते. इन्सर्ट मोडमध्ये प्रत्येक अक्षर हे अक्षरच असते आणि ते पानाकडे जाते. कर्सर एखाद्या चौकटीत गेला की व्हिमियम आपोआप इन्सर्टमध्ये जाते. एस्केप दाबले की कर्सर चौकटीतून सुटतो आणि तुम्ही नॉर्मलमध्ये परत येता.

गोंधळ होतो तो इथे. आय दाबून स्वतः इन्सर्टमध्ये गेलात तर पडद्याच्या तळाशी तशी पाटी दिसते. चौकटीत कर्सर गेल्यामुळे आपोआप इन्सर्ट झाला तर कोणतीही पाटी दिसत नाही. तिथे लुकलुकणारा कर्सर हीच एकमेव खूण. म्हणून आज्ञा देण्याआधी नजर कर्सर शोधायला शिकली पाहिजे. शंका असेल तर आधी एस्केप, मग आज्ञा.

कित्येक साइट्स उघडताक्षणी कर्सर स्वतःच शोधपेटीत नेऊन ठेवतात. पान उघडले, जे दाबले, आणि शोधपेटीत जे उमटला, याचे कारण हेच. सेटिंग्जमध्ये पानांना लोड होताना असा फोकस घेऊ न देण्याचा पर्याय आहे. तो चालू करा. मग शोधपेटीत जायचे तेव्हा जी आय दाबले की पानावरच्या पहिल्या चौकटीत कर्सर जातो.

एस्केपच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पानावर एखादी छोटी खिडकी उघडली असून तिच्यातल्या चौकटीत कर्सर असेल, तर पहिले एस्केप कर्सर सोडवण्यात खर्च होते; खिडकी बंद करायला दुसऱ्यांदा दाबावे लागते. आणि व्हिडिओ पूर्ण पडद्यावर असताना एस्केप ब्राउझर स्वतः घेतो आणि पडदा लहान करतो. एस्केपऐवजी कंट्रोल धरून उघडणारा चौकोनी कंस दाबला तरी इन्सर्टमधून बाहेर येता येते. हात मधल्या ओळीवर ठेवायचा असेल तर मला हीच सवय अधिक चांगली वाटते.

सावधान: आज्ञा जिथे चालतच नाहीत अशा जागा. ॲड्रेस बारमध्ये कर्सर असेल तर एक्स्टेंशनला कळ दिसतच नाही. ब्राउझरची स्वतःची सेटिंग्जची पाने, एक्स्टेंशन स्टोअरची पाने आणि क्रोममधला पीडीएफ दाखवणारा भाग, इथेही तेच. ही सुरक्षेसाठी ब्राउझरने घातलेली मर्यादा आहे. एक्स्टेंशन काढून पुन्हा टाकल्याने ती हटत नाही. अशा जागी कंट्रोल-डब्ल्यूने टॅब बंद करा किंवा कंट्रोल-टॅबने पुढे जा. मॅकवर बंद करायला कमांड-डब्ल्यू.

## टप्पा २: सरकणे

जे खाली, के वर. डी आणि यू अर्धा पडदा खाली-वर. जी जी पानाच्या माथ्यावर, शिफ्ट-जी तळाशी. एच आणि एल आडवे सरकवतात. रुंद तक्ते सोडले तर त्यांची गरज क्वचित पडते.

नवशिके जे दाबून धरून बसतात. वाचनासाठी डी आणि यू यांची लय जास्त बरी: एक दाब, अर्धा पडदा, आणि डोळ्यांना आधीच्या ओळी अजून दिसत असतात.

आज्ञेआधी आकडा दिला तर ती तितक्या वेळा चालते. ५ आणि मग जे म्हणजे पाच पावले. याची दुसरी बाजूही ध्यानात असू द्या: ३ आणि मग एक्स म्हणजे तीन टॅब बंद. चुकून आकडा दाबला गेला तर पुढची आज्ञा देण्याआधी एस्केप दाबून तो पुसा.

पान हललेच नाही तर: बऱ्याच साइट्सवर अख्खे पान सरकत नाही, आतला एखादा भाग सरकतो. डावीकडे यादी, उजवीकडे मजकूर अशी रचना असेल तर हव्या त्या भागात एकदा क्लिक करा, म्हणजे पुढच्या आज्ञा त्या भागाला लागू होतात. एका पानात दुसरे पान बसवलेले असेल तर जी एफ दाबून एका चौकटीतून दुसरीत जाता येते.

लांब पानावर जी जी करून माथ्यावर गेलात आणि वाचत होता ती जागा हवी असेल, तर बॅकटिक लागोपाठ दोनदा दाबा. १ या आकड्याच्या डावीकडची ती कळ. जागा मुद्दाम राखून ठेवायची तर एम आणि मग एखादे लहान अक्षर. परत यायला बॅकटिक आणि तेच अक्षर. "यूएस इंटरनॅशनल" लेआउट असेल तर बॅकटिक पुढच्या अक्षराची वाट पाहत थांबतो आणि ही आज्ञा हुकते. तिथे साधा यूएस लेआउट घ्या.

## टप्पा ३: लिंक उघडणे

एफ दाबले की दिसणाऱ्या प्रत्येक लिंकवर एकदोन अक्षरांची चिठ्ठी उमटते. ती अक्षरे टाइप केली की लिंक उघडते. शिफ्ट-एफने ती नव्या टॅबमध्ये उघडते.

क्रम असा ठेवा: आधी हवी ती लिंक डोळ्यांनी पकडा, नजर तिथेच ठेवा, मग एफ दाबा, चिठ्ठी वाचा, टाइप करा. बहुतेक जण आधी एफ दाबतात आणि मग पिवळ्या चिठ्ठ्यांच्या गर्दीत आपली लिंक शोधत बसतात. वेग तिथेच जातो, आणि "माउसच बरा" हे मतही तिथेच बनते.

दुसरी चूक: चिठ्ठीवरची अक्षरे मोठ्या लिपीत दिसतात म्हणून लोक ती शिफ्ट धरून टाइप करतात. शिफ्ट लागत नाही. उलट ती धरली तर याच टॅबमध्ये उघडणारी लिंक नव्या टॅबमध्ये जाते.

चिठ्ठ्या एकमेकींवर चढल्या असतील तर स्पेस दाबा, खालची वर येते. एखाद्या बटणावर चिठ्ठीच आली नाही, तर ते बटण पानाच्या कोडमध्ये बटण म्हणून ओळखता येत नाही असे समजा आणि माउस वापरा. अशा एका बटणासाठी सगळी पद्धत टाकून देऊ नये.

चिठ्ठीच्या अक्षरांऐवजी लिंकच्या नावातले शब्द टाइप करून निवडण्याचाही पर्याय सेटिंग्जमध्ये आहे. त्यात चिठ्ठ्यांवर आकडे येतात. इंग्रजी पानांवर तो चांगला चालतो. मराठी मजकुराच्या पानांवर इंग्रजी लेआउटमधून लिंकचे नाव टाइपच होत नाही आणि हाती फक्त आकडे उरतात, म्हणून दोन्ही भाषांत वाचणाऱ्याने मूळची अक्षरांची पद्धतच ठेवावी.

लिंक उघडायची नाही, तिचा पत्ता फक्त कॉपी करायचा, तर वाय एफ. समोरच्या पानाचा पत्ता हवा तर वाय वाय. मागच्या पानावर शिफ्ट-एच, पुढच्या पानावर शिफ्ट-एल.

## टप्पा ४: टॅब

इथे नुकसान होऊ शकते, म्हणून हा टप्पा चौथा.

शिफ्ट-जे डावीकडचा टॅब, शिफ्ट-के उजवीकडचा. ^ दाबले की आधी पाहत होता तो टॅब. एक्स म्हणजे टॅब बंद, शिफ्ट-एक्स म्हणजे बंद केलेला परत. उघड्या टॅबची गर्दी असेल तर शिफ्ट-टी दाबून नावातले दोन-चार अक्षर टाइप करा आणि एंटर. टॅब डावी-उजवीकडे सरकत शोधण्यापेक्षा हे कितीतरी सोपे आहे, आणि माझ्या मते टॅबसाठी पहिली शिकायची आज्ञा हीच.

सावधान: शिफ्ट-एक्सने टॅब परत येतो, त्यात भरलेला मजकूर परत येईलच असे नाही. अर्ज, लांब ईमेल, पैशांचे व्यवहार अशा पानांवर कर्सर चौकटीबाहेर आहे आणि तुम्ही टाइप करायला लागलात, तर शब्दातला पहिला एक्स टॅब घेऊन जाईल. अशा पानावर काम सुरू करण्याआधी आय दाबून इन्सर्टमध्ये जा आणि तळाची पाटी पाहून मगच लिहा.

आणखी एक अडकण्याची जागा. टीने नवा टॅब उघडला की कर्सर ॲड्रेस बारमध्ये असतो आणि नवे रिकामे पानही ब्राउझरचेच असते. तिथे ना एफ चालते, ना एक्स. म्हणून टीपेक्षा शिफ्ट-ओची सवय लावा; ती पुढच्या टप्प्यात.

## टप्पा ५: पत्ता, बुकमार्क, शोध

ओ दाबले की पानाच्या वर एक पट्टी उघडते. तिच्यात पत्ता, बुकमार्क आणि आधी पाहिलेली पाने एकत्र शोधता येतात. शिफ्ट-ओ तेच काम नव्या टॅबमध्ये करते. बी फक्त बुकमार्कमध्ये शोधते.

ओच्या पट्टीत टाइप करून थेट एंटर दाबले, तर तुम्ही टाइप केलेलेच शोधले जाते, खाली दिसणारी पहिली सूचना उघडत नाही. सूचना हवी असेल तर टॅबच्या कळेने किंवा खालच्या बाणाने तिच्यावर जा, मग एंटर. बीच्या आणि शिफ्ट-टीच्या पट्टीत मात्र पहिली ओळ आधीच निवडलेली असते. हा फरक माहीत नसल्याने लोक बुकमार्क उघडायला जातात आणि शोधाच्या निकालांवर पोचतात.

रोजच्या साइट्ससाठी स्वतःचे शोधसंक्षेप, म्हणजे छोट्या अक्षराने थेट त्या साइटवर शोधण्याची सोय, बनवा. सेटिंग्जमध्ये त्यासाठी एक चौकट आहे. पद्धत अशी:

१. त्या साइटवर सहज ओळखू येईल असा एखादा इंग्रजी शब्द शोधा.
२. निकालाच्या पानाचा पत्ता वाय वायने कॉपी करा.
३. चौकटीत नवी ओळ सुरू करून एखादे छोटे अक्षर, कोलन, रिकामी जागा आणि मग तो पत्ता लिहा.
४. पत्त्यात तुम्ही शोधलेला शब्द जिथे आहे तिथे टक्केचिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी लहान एस ठेवा. बाकी काही बदलू नका.
५. बदल जतन करा.

यापुढे ओ, ते अक्षर, स्पेस आणि शोधायचा शब्द. स्पेस विसरली की संक्षेप ओळखला जात नाही.

## टप्पा ६: पानातला मजकूर शोधणे आणि कॉपी करणे

/ दाबा, शब्द टाइप करा, एंटर दाबा, मग एनने पुढचा आणि शिफ्ट-एनने मागचा. एंटर मुद्दाम सांगण्याचे कारण असे की तो न दाबता लोक एन दाबतात, तो शोधशब्दालाच चिकटतो आणि "सापडले नाही" असे दिसते.

मराठी शब्द शोधताना लेआउट मराठी करावा लागतो. शब्द टाइप करून एंटर दाबल्यावर लेआउट तसाच राहतो, आणि इन्स्क्रिप्टमध्ये एनच्या कळेतून ल निघतो. तयारीत सांगितलेला लेआउटचा पर्याय चालू नसेल तर शोध इथे थांबतो.

माउसशिवाय मजकूर निवडायचा तर हाच शोध कामाला येतो. हव्या असलेल्या भागाचा पहिला शब्द / ने शोधा, एंटर, मग व्ही. त्या शब्दापासून निवड सुरू होते. डब्ल्यू किंवा ई दाबत शब्दाशब्दाने, जे दाबत ओळीओळीने ती वाढवा आणि वायने कॉपी करा. शोध न करता थेट व्ही दाबले तर निवड कुठून सुरू होईल याचा भरवसा नसतो.

## टप्पा ७: साइटनुसार सूट

काही साइट्सना स्वतःच्या कळा असतात. यूट्यूबवर जे म्हणजे १० सेकंद मागे, एल म्हणजे १० सेकंद पुढे, के म्हणजे थांबवणे, एफ म्हणजे पूर्ण पडदा, एम म्हणजे आवाज बंद. या कळा व्हिमियम मध्येच अडवते.

टूलबारवरच्या चिन्हावर क्लिक करून त्या साइटसाठी नियम जोडा. कळांची जागा रिकामी सोडली तर त्या साइटवर व्हिमियम पूर्ण बंद होते. ठरावीक कळा लिहिल्या तर तेवढ्याच पानाकडे जातात, बाकी आज्ञा चालू राहतात. व्हिडिओच्या साइटवर दुसरा मार्ग चांगला. ऑनलाइन लेखनाची, तक्त्यांची, नकाशांची साधने असतील तर पूर्ण बंदच ठेवा. तिथे प्रत्येक कळेला त्यांचा वेगळा अर्थ असतो आणि अर्धवट सूट देऊन गोंधळच वाढतो. जीमेलसाठी पूर्ण बंदचा नियम व्हिमियममध्ये मुळातच असतो. "जीमेलवर चालत नाही" हा बिघाड नव्हे.

तपासा: नियमात पूर्ण साइट धरली आहे की एकच पान, ते पत्त्याच्या शेवटच्या ताऱ्यावरून (*) कळते. तारा नसेल तर पुढच्या पानावर सूट लागू होणार नाही.

## टप्पा ८: स्वतःचे बदल

इथवर सगळे हातात बसल्यावरच. आधी बदल केले तर ? चा तक्ता आणि तुमचा हात दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागतात.

एकच बदल मी प्रत्येकाला सुचवेन, आणि हवा तर तो लवकरही करा: एका एक्सने टॅब बंद होणे थांबवून दोन एक्सवर नेणे. बदलांच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत दोन ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत अनमॅप, रिकामी जागा, एक्स. दुसऱ्या ओळीत मॅप, रिकामी जागा, दोन एक्स जोडून, रिकामी जागा, आणि टॅब बंद करण्याच्या आज्ञेचे नाव. नावे सेटिंग्जमध्ये बदलांच्या चौकटीजवळच्या, उपलब्ध आज्ञा दाखवणाऱ्या लिंकवर दिसतात. ती लहान-मोठ्या अक्षरांसकट तंतोतंत लिहावी लागतात. मधले एक मोठे अक्षर चुकले तरी आज्ञा ओळखली जात नाही. अनमॅपची ओळ वगळून चालत नाही.

जे, के, एफ, एस्केप यांना हात लावू नका. दुसऱ्याच्या संगणकावर बसाल किंवा सेटिंग्ज पुसली जातील, तेव्हा मूळच्या कळाच कामी येतात.

शेवटी सेटिंग्जच्या पानावरच्या बॅकअपच्या सोयीने सगळे नियम, संक्षेप आणि बदल एका फाइलमध्ये उतरवून ठेवा. ती फाइल एकदा दुसऱ्या प्रोफाइलमध्ये परत भरून पाहा; संक्षेप आणि सूट दोन्ही चालले तरच बॅकअप झाला असे धरा.